चिकटलेला मागचा ब्रेक : कारणे, परीक्षा आणि घरगुती दुरुस्ती

यंत्रातील दोष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचा दोष यंत्र थांबवितो. साखळी तुटली किंवा चाकातील हवा गेली, तर वाहन जागीच उभे राहते आणि स्वाराला दोषाची दखल घेणे भाग पडते. दुसऱ्या प्रकारचा दोष यंत्राला चालू देतो, पण आतून त्याची हानी करीत राहतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा ब्रेक चिकटणे हा दोष या दुसऱ्या प्रकारातील आहे. पेडलवरून पाय उचलला तरी पॅड डिस्कला सोडत नाहीत. गाडी थोडी जड चालते, पेट्रोल थोडे अधिक लागते, चाकातून बारीक घासल्याचा आवाज येतो. स्वार या गोष्टींकडे सहज दुर्लक्ष करतो. पुढे एखाद्या लांब उतारावर पेडल एकाएकी तळाला जाते आणि ब्रेक लागतच नाही, तेव्हा हा दोष आपले खरे रूप दाखवितो.

या दोषाचे मूळ शोधणे आणि बऱ्याच प्रसंगी तो घरच्या घरी दूर करणे सामान्य माणसाला शक्य आहे. त्यासाठी महागड्या हत्यारांपेक्षा यंत्राची रचना समजून घेण्याची आणि क्रमाने विचार करण्याची गरज अधिक असते. म्हणून प्रथम रचना, नंतर दोषाची कारणे, त्यानंतर परीक्षा आणि शेवटी दुरुस्ती, या क्रमाने हा विषय पाहू.

डिस्क ब्रेकची वाटचाल

बंद भांड्यातील द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडला. द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन चाक थांबविण्याची कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये पेटंट केली होती. परंतु ही कल्पना व्यवहारात रुजण्यास अर्धे शतक लागले. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक बसविलेल्या जग्वार मोटारीने विजय मिळविला आणि या ब्रेकची उपयुक्तता सर्वांच्या ध्यानात आली. १९६९ मध्ये होंडा कंपनीने सीबी ७५० या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला द्रवदाबावर चालणारा डिस्क ब्रेक दिला. तेव्हापासून दुचाकीच्या क्षेत्रात तो पसरत गेला.

आपल्याकडे दीर्घ काळ ड्रम ब्रेकचेच राज्य होते. पुण्याजवळच्या आकुर्डी येथून १९७२ पासून बाहेर पडू लागलेल्या बजाज चेतक स्कूटरचे दोन्ही ब्रेक ड्रमचे होते. तार ढिली झाली की ती ताणायची आणि लायनर झिजले की बदलायचे, एवढे ज्ञान त्या काळच्या स्वाराला पुरत असे. १९९९ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीबीझेड या मोटारसायकलने पुढच्या चाकाची डिस्क सर्वसामान्य ग्राहकाच्या परिचयाची केली, तर २००७ मधील पल्सर २२० सारख्या गाड्यांनी मागच्या चाकालाही डिस्क दिली. ब्रेक बदलला, पण त्याची निगा राखण्याचे ज्ञान त्याच वेगाने घरोघरी पोहोचले नाही. चिकटलेला कॅलिपर हे त्याचे एक फळ होय.

मागच्या ब्रेकची रचना

पायाखालचे पेडल ही एक तरफ आहे. तिचे दुसरे टोक एका दांडीच्या साहाय्याने मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ढकलते. या सिलिंडरला लागून द्रवाची एक लहान टाकी असते. सिलिंडरमधून निघालेली नळी मागच्या चाकाजवळील कॅलिपरला जोडलेली असते. कॅलिपरमध्ये मोठ्या व्यासाचा पिस्टन असतो आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो.

लहान पिस्टनवरील अल्प बळाचे मोठ्या पिस्टनवर मोठे बळ कसे होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास १२ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. पायाने १० किलोग्रॅम भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट केला, तर मास्टर सिलिंडरवर ४० आणि कॅलिपरच्या पिस्टनवर ३६० किलोग्रॅम भार पडेल. अर्थात ही वाढ फुकट मिळत नाही. मास्टर सिलिंडरचा पिस्टन ९ मिलिमीटर सरकावा, तेव्हा कॅलिपरचा पिस्टन १ मिलिमीटर पुढे येतो. म्हणूनच या व्यवस्थेत हवेचा लहानसा बुडबुडाही चालत नाही. हवा दाबली जाते, पेडल खाली जाते आणि पिस्टन मात्र जागचा हलत नाही.

मागच्या चाकाचा कॅलिपर बहुधा एकाच पिस्टनचा आणि सरकता असतो. पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. तो डिस्कला टेकला की त्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे सबंध अंग उलट दिशेला सरकते आणि पलीकडचा पॅड ओढून डिस्कला भिडविते. हे सरकणे दोन गुळगुळीत पिनांवर होते. पिनांना धूळ व पाणी लागू नये म्हणून त्यांच्यावर रबरी टोप्या असतात.

आता एक प्रश्न उरतो. ब्रेक लावताना द्रव पिस्टनला पुढे ढकलतो, पण पाय उचलल्यावर त्याला मागे कोण ओढते? ड्रम ब्रेकमध्ये हे काम स्प्रिंग करते. कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसते. तेथे हे काम एक साधी रबरी रिंग करते. पिस्टनभोवती एका खाचेत चौकोनी छेदाचे सील बसविलेले असते. पिस्टन पुढे सरकताना सीलची आतली कड त्याच्याबरोबर पुढे ओढली जाते आणि रबराला किंचित पीळ बसतो. दाब नाहीसा होताच रबर आपल्या मूळ आकारात येते आणि पिस्टनला स्वतःबरोबर मागे घेते. हे अंतर मिलिमीटरच्या एका लहान अंशाइतकेच असते, पण पॅड व डिस्क यांना विलग करण्यास ते पुरेसे होते. पॅड झिजत गेला की पिस्टन सीलमधून घसरून थोडा पुढे येतो आणि तेथून पुन्हा तेवढाच मागे जातो. अशा रीतीने झिजेची भरपाई आपोआप होते.

कॅलिपर चिकटण्याच्या बहुतेक प्रकारांचे मर्म या एका रिंगेत आहे. रबराची ही शक्ती फार थोडी असते. पिस्टनवर गंज किंवा मळ असला, पिना अडकल्या असल्या किंवा मागे जाण्याच्या वाटेवर द्रवाचा दाब शिल्लक असला, तर रबर हरते आणि पॅड डिस्कला धरून बसतात.

उष्णतेचा हिशेब

थोडेसे घासण्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. याचे उत्तर आकड्यांनी देता येते. गाडी आणि स्वार मिळून २२० किलोग्रॅम वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ३०,५०० ज्यूल होते. गाडी थांबविताना ही सारी ऊर्जा उष्णतेत बदलते. ही सर्व उष्णता एक किलोग्रॅम वजनाच्या एकाच पोलादी डिस्कमध्ये गेली, तर तिचे तापमान सुमारे ६० अंशांनी वाढेल.

आता चिकटलेल्या ब्रेकचा विचार करू. समजा, तो चाकाला केवळ ३० न्यूटन, म्हणजे सुमारे ३ किलोग्रॅम भाराइतकाच अडथळा करीत आहे. स्वाराला हा अडथळा जाणवणारही नाही. परंतु एक किलोमीटर अंतरात त्यातून ३०,००० ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे दर किलोमीटरला, ब्रेकला पाय न लावता, ताशी साठच्या वेगावरून गाडी पूर्ण थांबविल्याइतकी उष्णता त्या डिस्कमध्ये ओतली जाते. वारा ती वाहून नेत असतो हे खरे. तरीही डिस्क, पॅड, पिस्टन आणि त्यामागचा द्रव सतत तापत राहतात.

सपाट प्रदेशात ही गोष्ट कदाचित महिनोन्‌महिने खपून जाईल. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये नॉलेज सिटी हा परिसर आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तेथेच आहे. भोवतालचे रस्ते सरळ व सपाट आहेत. तेथे रोज गाडी चालविणाऱ्याला मागच्या ब्रेकची परीक्षा होईल असा प्रसंग क्वचितच येतो. पण सुटीच्या दिवशी तोच तरुण कालका आणि सोलनमार्गे शिमल्याला जातो. कालक्याचे रेल्वे स्थानक समुद्रसपाटीपासून ६५६ मीटर उंचीवर आहे, तर शिमल्याचे २,०७६ मीटरवर. उतरताना २२० किलोग्रॅम वजन या १,४२० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा सुमारे तीस लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. ताशी साठच्या वेगावरून शंभर वेळा गाडी थांबविण्याइतकी ही ऊर्जा आहे. त्यातील काही भाग इंजिन आणि काही भाग हवा घेते. उरलेला ब्रेकला घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील वाचकाने महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरण्याची कल्पना करावी. तेथील उतारही तेराशे मीटरच्या जवळपास आहे. आधीच तापलेला, चिकटलेला ब्रेक घेऊन असा घाट उतरणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय.

हे संकट द्रव उकळण्याच्या रूपाने येते. ज्याला आपण व्यवहारात ब्रेक ऑइल म्हणतो, ते वस्तुतः तेल नाही. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे मिश्रण असते आणि हवेतील बाष्प शोषून घेण्याचा त्याचा स्वभाव असतो. प्रमाणानुसार डॉट ४ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. डॉट ३ प्रतीसाठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. जुने, पाणी प्यालेले ऑइल तापलेल्या कॅलिपरमध्ये उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ हवेप्रमाणेच दाबली जाते. पेडल तळाला जाते ते याच कारणाने.

चिकटण्याची कारणे

कारणांचे तीन गट करता येतील. पहिला गट पेडल व मास्टर सिलिंडर यांचा. पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला, की टाकीकडे जाणारे एक बारीक छिद्र उघडे होते. तापून प्रसरण पावलेला द्रव या छिद्रातून टाकीत परत जातो. पेडलच्या खिळीत चिखल बसून ते पूर्ण वर येत नसेल, दांडीचा आटा चुकीचा बसवून पेडलची मोकळी हालचाल नाहीशी केली असेल, किंवा छिद्रच मळाने बुजले असेल, तर द्रव कोंडला जातो. मग एक दुष्टचक्र सुरू होते. पॅड घासतात म्हणून द्रव तापतो, तापतो म्हणून फुगतो आणि फुगतो म्हणून पॅड अधिकच दाबले जातात. अशी गाडी घरून निघताना ठीक असते आणि पाच-दहा किलोमीटरनंतर जड होते. थंड झाली की पुन्हा मोकळी होते.

दुसरा गट नळीचा. जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटून फुगते. पायाच्या जोराने द्रव पुढे जातो, पण परत येताना रबराच्या अल्प शक्तीला ती अडचण पार करता येत नाही.

तिसरा आणि सर्वांत नेहमी आढळणारा गट कॅलिपरचा. मागचा कॅलिपर चाकाजवळ खाली असतो. चाकाने उडविलेला चिखल, साखळीचे वंगण आणि धूळ हे सारे त्याच्या वाट्याला येते. कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पिनांवर गंज चढवितो. पंजाबच्या मैदानातील किंवा मराठवाड्यातील बारीक धूळ पिस्टनच्या उघड्या भागावर बसून कठीण थर तयार करते. शिवाय ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये सीलच्या खाचेत पांढरट क्षार साचतात. ते सीलला मागून रेटतात आणि सील पिस्टनला इतके घट्ट आवळते, की त्याला मागेही नेता येत नाही.

परीक्षा

हत्यार हाती घेण्यापूर्वी दोष कोणत्या गटात आहे हे ठरवावे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. तो नसल्यास गॅरेजमध्ये वापरतात तसा मागचे चाक उचलणारा स्टँड वापरावा. गियर काढून मागचे चाक हाताने फिरवावे. बोटे साखळी आणि दातेरी चक्रापासून दूर ठेवावीत. पॅडचा किंचित आवाज स्वाभाविक आहे. चाक एक-दोन फेरे फिरून थांबले, तरी चिंता नको, कारण साखळीचाही थोडा अडथळा असतो. आता पेडल चार-पाच वेळा जोराने दाबून सोडावे आणि चाक पुन्हा फिरवावे. ते आता जागचे हलत नसेल किंवा बराच जोर लागत असेल, तर ब्रेक चिकटत आहे, यात शंका नाही.

यानंतर पेडल पाहावे. ते हाताने हलविल्यास दांडीवर जोर पडण्यापूर्वी थोडी मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. ती नसेल, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे दांडी जुळवावी आणि खिळ स्वच्छ करून तिला वंगण द्यावे. काही वेळा एवढ्यानेच काम भागते.

तसे न झाल्यास निर्णायक परीक्षा करावी. ब्रेक चिकटलेल्या अवस्थेत कॅलिपरवरील हवा काढण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि निपल पाव फेरा सैल करावे. थोडे ऑइल बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर द्रवाचा दाब कोंडला होता असे समजावे. दोष कॅलिपरच्या अलीकडे, म्हणजे नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. निपल उघडूनही चाक जखडलेलेच राहिले, तर दोष कॅलिपरच्या अंगात, म्हणजे पिस्टन, पिना किंवा पॅड यांत आहे. पहिल्या प्रकारात निपल बंद करून ब्रेक पुन्हा चिकटू द्यावा आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा नळीचा जोड, खाली फडके धरून, किंचित सैल करावा. आता चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडरचा; न झाले तर नळीचा. या साऱ्या परीक्षेला दहा मिनिटे पुरतात आणि अनावश्यक भागांची खरेदी टळते. परीक्षेनंतर मात्र पुढे सांगितल्याप्रमाणे हवा काढणे आवश्यक आहे.

दुरुस्तीची तयारी

दोष कॅलिपरचा ठरल्यास पुढील साहित्य जमवावे : त्याच गाडीच्या कॅलिपरची नवी सिले, नळीच्या जोडासाठी नवे तांब्याचे वॉशर, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे ब्रेक ऑइल आणि तेही न उघडलेल्या डब्यातील, पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, योग्य मापाचे रिंग पाने व ॲलन की, दात घासण्याचा जुना ब्रश, स्वच्छ फडकी, डोळ्यांसाठी चष्मा आणि हातमोजे.

तीन गोष्टींबाबत विशेष सावध राहावे. पहिली गोष्ट अशी, की पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस ब्रेकच्या रबराला लागू देऊ नये. या पदार्थांनी ते रबर फुगते आणि बरा झालेला ब्रेक आठवड्याभरात पुन्हा चिकटतो. दुसरी गोष्ट म्हणजे, ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास रंग उठतो, म्हणून सांडताच तो भाग भरपूर पाण्याने धुवावा. तिसरी गोष्ट म्हणजे, पॅडची भुकटी फुंकर मारून उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो; भुकटी ओल्या फडक्याने पुसून काढावी.

प्रत्यक्ष दुरुस्ती

कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच पॅडची पिन सैल करून घ्यावी. तो सुटल्यावर हातात धरून ती सैल करणे कठीण जाते. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो डिस्कवरून उतरवावा. त्याला नळीच्या आधारे लोंबकळत ठेवू नये, तारेने टांगावा. पॅड काढून त्यांची जागा व बाजू लक्षात ठेवावी. पिस्टनच्या बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा बराच अधिक झिजला असेल, तर पिना अडकल्या आहेत असा तर्क करण्यास हरकत नाही.

पिना आपल्या टोप्यांतून ओढून काढाव्यात. जुने वाळलेले ग्रीस पूर्ण पुसून घ्यावे. पिनेवर हलका डाग असेल तर तो घासून जाईल. खड्डे पडले असतील तर पिन बदलावी. फाटलेली टोपी अवश्य बदलावी, कारण पाणी तिच्यातूनच आत शिरते. नवे ग्रीस पातळ थराने लावावे. छिद्र ग्रीसने ठासून भरल्यास आत हवा कोंडते आणि पिन पुन्हा मोकळी सरकत नाही.

आता पिस्टनकडे वळावे. त्याचा बाहेर आलेला भाग ब्रेक ऑइल व ब्रशने स्वच्छ करावा. मळलेला पिस्टन तसाच आत ढकलणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. त्यामुळे मळ सीलखाली जातो आणि दोष पक्का होतो. स्वच्छ केल्यावर दोन्ही अंगठ्यांनी तो आत सरकला आणि पेडलच्या हलक्या दाबाने सहज बाहेर आला, तर सील काढण्याची गरज नाही. तो जोर करूनही सरकत नसेल, तर बाहेर काढणे भाग आहे.

यासाठी नळी जोडलेली असतानाच पेडलचा उपयोग करावा. कॅलिपरच्या तोंडात लाकडी ठोकळा धरून, टाकीतील ऑइलची पातळी राखत, पेडल सावकाश दाबावे. पिस्टन हळूहळू पुढे येऊन ठोकळ्याला टेकेल. या वेळी बोटे पिस्टनसमोर कधीही ठेवू नयेत. गॅरेजमध्ये दाबलेल्या हवेने पिस्टन काढतात. घरी हा उपाय करू नये, कारण पिस्टन गोळीसारखा सुटतो. पिस्टन बहुतांशी बाहेर आला की नळीचा जोड सोडावा, खाली भांडे धरावे आणि पिस्टन हाताने काढावा. पेडलच्या जोरानेही तो हलत नसेल, तर घरगुती प्रयत्न तेथेच थांबवून कॅलिपर जाणत्या मिस्त्रीकडे न्यावा. पक्कडीने पकडून तो ओढू नये. त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर उठलेला एक ओरखडाही गळतीला कारण होतो.

आत दोन रिंगा दिसतील. बाहेरची धुळीसाठी आणि आतली ऑइलसाठी. त्या बांबूच्या काडीने किंवा प्लास्टिकच्या सुईने काढाव्यात. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. आता खाचा नीट पाहाव्यात. तेथे साचलेले पांढरे किंवा तपकिरी क्षार हेच बहुधा खरे अपराधी असतात. काडी, ब्रश व ब्रेक ऑइल यांच्या साहाय्याने खाच कोपऱ्यापर्यंत स्वच्छ करावी. या कामास घाई करू नये. सबंध दुरुस्तीचे यश यावरच अवलंबून आहे. पिस्टनवरील मुलामा उडाला असेल किंवा खड्डे असतील, तर त्याला घासकागद न लावता नवा पिस्टन घ्यावा.

नवी सिले स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचांत बसवावीत आणि कोठे पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. पिस्टनलाही ऑइल लावावे आणि तो सरळ धरून अंगठ्यांनी आत ढकलावा. नीट बसविलेला पिस्टन हाताच्या जोराने आत जातो. हातोडीची गरज भासली, तर काहीतरी तिरपे बसले आहे असे समजून तो पुन्हा काढावा. मग पॅड, पिना, कॅलिपर आणि नव्या वॉशरांसह नळी जोडावी आणि सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने घट्ट करावेत. ऑइल लागलेले पॅड धुऊन पुन्हा वापरू नयेत. ते टाकून द्यावेत.

हवा काढणे आणि अखेरची तपासणी

टाकी नव्या ऑइलने भरावी. निपलला नळी लावून तिचे टोक थोड्या ऑइलात बुडवून ठेवावे. पेडल काही वेळा दाबून शेवटी दाबलेलेच ठेवावे. निपल उघडावे, ऑइल व बुडबुडे येऊ द्यावेत, निपल बंद करावे आणि त्यानंतरच पेडल सोडावे. हा क्रम उलटा झाल्यास हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत आणि पेडल कठीण लागेपर्यंत ही कृती करावी. मधेमधे टाकी पाहावी. ती रिकामी झाल्यास पुन्हा आरंभापासून काम करावे लागते. ए.बी.एस. असलेल्या गाड्यांत त्या यंत्रणेत हवा शिरली, तर ती काढण्यास काही वेळा विशेष उपकरण लागते. पेडल कठीण होत नसल्यास अशी गाडी चालवून नव्हे, तर वाहून नेऊन सेवा केंद्रात द्यावी.

गाडी स्टँडवरून उतरविण्यापूर्वी पेडल पुन्हा पुन्हा दाबून पॅड डिस्कला भिडवून घ्यावेत. ही पायरी विसरल्यास पहिल्या वळणावर पेडल रिकामे जाईल. मग आरंभीची परीक्षा पुन्हा करावी : पेडल जोराने दाबून सोडावे आणि चाक फिरवावे. ते मोकळे फिरले, तर सीलने आपले काम पुन्हा सुरू केले आहे. रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवून ब्रेक तपासावा. चार-पाच किलोमीटर मागचा ब्रेक न वापरता जाऊन थांबावे आणि डिस्कवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते चुरचुरले, तर दोष शिल्लक आहे. डिस्कला हात लावून मात्र पाहू नये. दुसऱ्या दिवशी सर्व जोड कोरडे आहेत याची खात्री करावी. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता बंद बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्यावे.

निगा

एवढे श्रम पुन्हा पडू नयेत यासाठी थोडी निगा पुरते. दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, ब्रेक ऑइल बदलावे. पावसाळा संपल्यावर पिना काढून त्यांना ग्रीस द्यावे. गाडी धुताना पाण्याचा जोरदार झोत कॅलिपरच्या टोप्यांवर मारू नये. पॅड बदलताना पिस्टन आत ढकलण्यापूर्वी तो स्वच्छ करण्याचा आग्रह मिस्त्रीपाशीही धरावा. आणि महिन्यातून एकदा गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहावे.

या शेवटच्या सवयीला अर्धे मिनिट लागते. पण घाटाच्या माथ्यावरून खाली पाहणाऱ्या स्वाराजवळ, आपला ब्रेक धरतोही आणि सोडतोही, ही खात्री असणे आवश्यक आहे. यंत्राने धरावे याची काळजी सर्वच घेतात; त्याने वेळेवर सोडावे याचीही तितकीच काळजी घेतली पाहिजे.